‘आतली कडी’चा शेवटचा शब्द

४ जानेवारी

तीर्थरूप आत्या,
सादर नमस्कार.

हे पत्र कुणाचं, असा प्रश्न तुम्हाला पडेल, म्हणून आधीच सांगते. मी तुमच्या भावाची मुलगी. तुम्ही घर सोडल्यावर तीन वर्षांनी माझा जन्म झाला, त्यामुळे आपली ओळख नाही. तुमचा पत्ता आईने बटणांच्या डब्यातून काढून दिला, तो तिथे कसा आला हे विचारायचं नाही या अटीवर. बाबांना या पत्राचं माहीत नाही. तुमचा विषय निघाला की ते शिलाई मशीन जोरात चालवायला लागतात. तुमच्याबद्दल मला एवढीच माहिती आहे.

आता कामाचं. मी पदवीधर झाले. आपल्या घरातली पहिली. बाबांनी निकालाचा कागद दुकानात कॅलेंडरशेजारी लावलाय आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना त्याला अशा बाजूला उभं करतात की कागद वाचल्याशिवाय सुटका नाही. सध्या मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि लघुप्रबंध लिहितेय. विषय आहे जुन्या भयमालिकेतला ‘आतली कडी’ हा भाग, त्यातली आशयसूत्रं आणि समीक्षकांनी व प्रेक्षकांनी केलेलं त्याचं स्वागत. भुताच्या गोष्टीवर कसला अभ्यास, म्हणून वर्गात हसले. मला वाटतं, माणसं कशाला घाबरतात ते बघितलं की त्यांनी कुणावर अन्याय केलाय ते कळतं.

सव्वीस वर्षं झाली म्हणून आठवण करून देते. एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. एका खोलीला आतून कडी आहे. दार फोडतात तर आत फक्त खुर्ची. दुसऱ्या दिवशी पुन्हा आतून कडी. शेवटी घाबरून सगळे सामान घेऊन निघून जातात. रिकाम्या घरात ती कडी आपोआप निघते, दार उघडतं, आणि एका बाईचा आवाज म्हणतो, ‘येते.’ पडदा काळा.

नामावलीत ‘वेशभूषा साहाय्य’ खाली आपलं आडनाव दिसलं. पाच वेळा थांबवून वाचलं. म्हणून विचारते: बाई शेवटपर्यंत दिसत का नाही? तो आवाज कुणाचा? नामावलीत नाव नाही. आणि ‘येते’ हा शब्द संहितेत पहिल्यापासून होता का?

३१ मार्चला प्रबंध द्यायचाय. फोन नंबर कळवलात तर रेकॉर्डिंग ऐकवीन.

तुमची,
भाची

———

१५ जानेवारी

चि. पदवीधर बाईंस,
अनेक आशीर्वाद.

आत्याला ‘तुम्ही’ म्हणणारी भाची मी पहिल्यांदाच बघितली. अहो-जाहो ऐकायला मी काउंटरच्या पलीकडे बसलेली नाही. पुढच्या पत्रात ‘तू’ नसेल तर पत्र परत पाठवीन.

फोनचं विसर. माझा डावा कान पाच वर्षांपूर्वी गेला आणि उजवा त्याच्याच वाटेवर आहे. फोनवर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. रेकॉर्डिंगही पाठवू नकोस. पत्र बरं, त्यात कुणी ओरडत नाही.

बाई दिसत का नाही? ऐक. ती दिसणार होती. तिचा पांढरा झगा मी तीन दिवस बसून शिवला. दिग्दर्शक म्हणाले, फार नवा दिसतोय. म्हणून चहाच्या पाण्यात बुडवला. चित्रीकरणाच्या दिवशी आभाळ आलं आणि झगा वाळलाच नाही. नटी म्हणाली, मी ओलं घालणार नाही, मला सर्दी होते. दिग्दर्शकांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, मग भूत नकोच. झालं. यात आशयसूत्र सापडलं तर कळव.

आवाज कुणाचा ते आठवत नाही. कुणीतरी बाई होती. हाताशी लागेल तिला माइकसमोर उभी करायचे. संहितेचं मला काय विचारतेस, मी काजं करणारी.

तुझे बाबा अजून वाकूनच बसतात का मशीनवर? लिहिलं नाहीस तरी चालेल.

आत्या

———

२२ जानेवारी

प्रिय आत्या,
नमस्कार. बघ, ‘तू’ म्हणतेय.

झग्याचं वाचून मी आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. माझं दुसरं प्रकरण ‘अदृश्य देह: बाईला न दाखवण्याचं राजकारण’ असं आहे. बावीस पानं! ती मी चहात बुडवू का? पण मला सारखं वाटतंय की हा योगायोगही काहीतरी सांगतो. बाईला सर्दी होऊ नये एवढी साधी गोष्ट, आणि त्यासाठी बाईच गायब. नाही का?

बाबा वाकूनच बसतात. आई रोज ओरडते.

तुला मजा वाटेल म्हणून समीक्षेचा इतिहास सांगते. भाग लागला त्या आठवड्यात दैनिकातल्या समीक्षकांनी लिहिलं, ‘भूतच नसलेली भुताची गोष्ट, वेळेचा अपव्यय.’ दहा वर्षांनी एका त्रैमासिकात प्राध्यापकांचा वीस पानी लेख आला आणि तोच भाग थोर ठरला. त्यांच्या मते सगळा भाग त्या एका शब्दासाठी आहे. ‘येते’ म्हणजे धमकी. कोंडलेली बाई आता पळणाऱ्यांच्या मागे येणार. मग दुसऱ्यांनी लिहिलं, ‘येते’ म्हणजे भविष्यकाळ. तिसऱ्यांनी पहिल्या दोघांना खोडून काढलं. माझं तिसरं प्रकरण प्राध्यापकांच्या पुढे जातं. मी म्हणते ती धमकी नाही, घोषणा आहे. आतल्या खोल्यांत कोंडलेल्या सगळ्या बायकांची. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, या प्रकरणावर तुला पुढची शिष्यवृत्ती मिळू शकते. ते वाचताना मी खोलीत येरझाऱ्या घालते, बसवतच नाही.

प्रेक्षकांची पत्रंही गोळा केली. टीव्हीच्या साप्ताहिकात या भागावर एकूण एक्केचाळीस आली. चाळीस जण घाबरलेले. मुलं एकटी आंघोळीला जात नाहीत, आमच्या सासूबाईंनी सगळ्या कड्या काढून टाकल्या, असलं. आणि एक अगदीच भोळं पत्र. उतरवून देते:

‘शनिवारच्या भागात बाई शेवटी जे म्हणते त्यात घाबरण्यासारखं काय आहे? घरातून निघताना आपण सगळे म्हणतो तेच ती म्हणते. ऐकू आलं. आमच्याकडे कडी लावलेली नाही. — टाचणीचा भाऊ.’

प्राध्यापकांनी याच्यावर दोन पानं खर्च केलीत. त्यांच्या मते ‘टाचणीचा भाऊ’ हे टोपणनाव म्हणजे मालिकेला टोचणारा उपहास आहे आणि कडीचा उल्लेख म्हणजे शीर्षकावर कोटी. मी तर हसून लोळले. एवढी भयंकर ओळ आणि या गृहस्थांना वाटतं, बाई बाजारात निघालीय!

आवाजाचं मात्र आठवून बघ ना. जिने हा शब्द उच्चारला तिचं नाव कुठेच नाही, हे मला सहन होत नाही.

तुझी,
भाची

———

८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. माझं काही चुकलं का? फार प्रश्न विचारले का? आई म्हणते, ‘तुला सगळ्यांना उसवून बघायची खोड आहे.’ तब्येत बरी नसेल तर तेवढंच कळव. दोन्ही वेळेला पोस्टमनची वाट बघते आणि प्रकरण तीनमधलं एक वाक्य रोज बदलते.

भाची

———

२० फेब्रुवारी

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तब्येतीला काही झालेलं नाही. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा उठून दुसरंच काम काढलं. धड असलेला पडदा उसवून परत शिवला.

टाचणी मी.

मी लहानपणी काडीसारखी होते आणि बोलायला लागले की टोचायचे, म्हणून तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. तू ज्या पत्राला हसलीस ते तुझ्या बाबांचं आहे.

आता सगळंच सांगते. आमच्या आईची एक शिस्त होती. कोपऱ्यावरून दोऱ्याचं रीळ आणायला निघालं तरी ‘येते’ म्हणायचं. चुकून ‘जाते’ म्हटलं की ती परत उंबऱ्याच्या आत घ्यायची, पाणी द्यायची आणि नीट म्हणायला लावायची. मग सोडायची. मला टीव्ही केंद्रावर शिवणकामाची नोकरी लागली तेव्हा तुझे बाबा दारात उभे राहिले. म्हणाले, आपल्या दुकानात काम कमी आहे का? मी म्हटलं, दुकानाच्या पाटीवर नाव तुझं आहे. तो म्हणाला, मग पाटी काढून डोक्यावर घेऊन जा. असं वाढत गेलं. शेवटी म्हणाला, ‘जायचं तर जा.’ मी म्हटलं, ‘जाते.’ आत आईने हातातलं भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. आदळलं नाही. ठेवलं. तेव्हा माझे कान चांगले होते. तिने मला परत आत घेतलं नाही आणि मी थांबले नाही.

नऊ महिन्यांनी ‘आतली कडी’चं रेकॉर्डिंग. आवाज देणारी बाई आली नाही. मी झग्याचं काय करायचं ते विचारायला गेले होते, मलाच उभी केली. हातात कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘जाते मी.’ लेखकाच्या मनात बाई सुटली, घर सोडून चालली, एवढंच होतं. मी तीन वेळा तोंड उघडलं. तो शब्द बाहेर येईना. चौथ्या वेळी ‘येते’ आलं. काचेपलीकडे दिग्दर्शक उडी मारून उठले, ‘अरे वा! आता ती यांच्या मागे लागणार!’ लेखक दोन दिवस गाल फुगवून होते. पुढे कौतुक व्हायला लागल्यावर म्हणाले, मला पहिल्यापासून हेच म्हणायचं होतं.

चुकून आलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. पण मला माहीत होतं की शनिवारी संध्याकाळी आपलं सगळं घर समोरच्या घड्याळवाल्यांकडे टीव्ही बघायला जातं. स्वतःच्या तोंडाने म्हणायचं धाडस नव्हतं, ते भुताच्या तोंडाने म्हटलं. मग महिनाभर पत्राची वाट बघितली. आलं नाही. म्हटलं, ओळखला नसेल आवाज, किंवा ओळखून मशीन जोरात चालवलं असेल. पुढे मोठमोठ्या लोकांनी धमकी आहे म्हणून लिहिलं तेव्हा मलाही वाटलं, असेल बाई धमकीच.

हे तुला सांगितलं ते तुझं काम चुकू नये म्हणून. छापू नकोस. माझं नाव कुठेही नको.

आत्या

ता. क. त्या अंकाची प्रत पाठव. तारीख बघायची आहे.

———

२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

प्रत सोबत आहे. तारीख बघ. भाग लागल्यावर तिसऱ्या आठवड्याचा अंक.

मी त्या पत्राला हसले, ते लिहिणारा माणूस बाजूच्या खोलीत काज करत होता. सव्वीस वर्षांत सगळ्या हुशार लोकांना जे ऐकू आलं नाही ते माझ्या सातवी शिकलेल्या बापाला ऐकू आलं, आणि मी पदवी घेऊन त्याला ‘भोळं’ म्हटलं.

मार्गदर्शक बाईंना नाव न सांगता विचारलं, शब्दाचा अर्थच वेगळा निघाला तर? त्या म्हणाल्या, ‘म्हणणाऱ्याला काय म्हणायचं होतं याला महत्त्व नाही. प्रेक्षकाला काय ऐकू आलं ते बघ. आणि महिना राहिलाय, आता पाया खणत बसू नकोस.’ मी म्हटलं, ‘बाई, पण एका प्रेक्षकाला बरोबर ऐकू आलं होतं.’ त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

आणि मी एक गोष्ट तुला न विचारता केली. प्रत बाबांच्या कापड कापायच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आधी कात्री बाजूला केली, मग कागद डोळ्यांपाशी नेला.

‘हे छापलं होतं?’
‘हो.’
‘मी दोन आठवडे अंक आणला. त्यात नव्हतं. मग बंद केलं आणायचं.’ कागद खाली ठेवून म्हणाले, ‘म्हणजे तिने वाचलं. वाचूनही आली नाही.’
‘नाही बाबा. तिने वाचलंच नव्हतं. मी महिन्यापूर्वी लिहिलं तेव्हा तिला कळलं.’
‘तू लिहिलंस? कुणाला विचारून?’
आई आतून म्हणाली, ‘मला.’

मला वाटलं, आता मशीन सुरू होणार. ते मशीनच्या पायडलवर पाय ठेवून बसले. मशीन चाललं नाही.

तू ये ना, आत्या.

भाची

———

८ मार्च

चि. भाचीस,
आशीर्वाद.

प्रत मिळाली. आम्हीही केंद्रात दोनच आठवडे अंक बघितला. मग दुसरी मालिका आली आणि तिचे झगे.

ये म्हणणं सोपं आहे. आई गेल्याचं मला तुझ्या आईच्या कार्डाने महिन्याने कळलं. तेव्हा जी आली नाही ती आता कोणत्या तोंडाने येणार? आणि येऊन करू काय? तो बोलणार, मी ‘हां?’ म्हणणार. तो परत बोलणार, मी परत ‘हां?’ तिसऱ्यांदा म्हणताना माणसाला स्वतःचंच वाक्य खरं वाटत नाही. सव्वीस वर्षांनंतर तो जे काही म्हणेल ते मला ऐकूच येणार नाही, हे तुझ्या लक्षात येतंय का?

तुझं पत्र आल्यापासून घरातली दोन्ही कपाटं हलवली. परत जागेवर आणली. शेजारचे मास्तर विचारून गेले, घर बदलताय का.

प्रबंधात लिही, आवाज: अज्ञात. बायकांचं बहुतेक काम त्याच नावाने चालतं. तेही चालेल.

आत्या

———

१७ मार्च

प्रिय आत्या,

मी तिसरं प्रकरण फाडलं आणि नवं लिहिलं. त्या एका पत्रावर. चाळीस जणांना धमकी ऐकू आली कारण त्यांना बाईने घरातून निघणं म्हणजे कुणाच्या तरी मागे लागणं वाटलं. एकाला निरोप ऐकू आला कारण तो दाराशी उभा होता. असं आहे ते. घोषणेपेक्षा मला हे खरं वाटतं.

मार्गदर्शक बाईंनी एका बैठकीत वाचलं. म्हणाल्या, चांगलं आहे, पण परीक्षक पहिला प्रश्न विचारतील, हे सांगतं कोण? तळटीप हवी. आवाज देणारीचं नाव, तिने पत्राने दिलेली माहिती, तारीख. नाव नसेल तर ही तुझी कल्पना ठरते, मग जुनं प्रकरण परत घाल. ३१ तारीख पुढे जाणार नाही.

जुनं प्रकरण माझ्याकडे आहे. त्यात शिष्यवृत्तीही आहे. पण मी चार महिने लिहितेय की त्या बाईला आवाज आहे आणि नाव नाही, हा अन्याय आहे. आणि आता मीच ‘अज्ञात’ लिहू? तरी तू नको म्हणालीस तर मी नाव घालणार नाही, आणि हे प्रकरणही. तुझं नाव तुझं आहे. ते मला हवंय म्हणून उसवून घ्यायचं नाही, एवढं मी शिकले.

दुसरं म्हणजे बाबा. काल त्यांनी माळ्यावरून जुन्या मापांच्या वह्या खाली काढल्या. एकेक झटकून बघत होते. एका वहीत ‘टाचणी’ असं पान आहे. खांदा, बाही, उंची, सगळं त्यांच्या अक्षरात. आजीने तुला नोकरीवर घालून जायला काहीतरी शिवायला सांगितलं होतं, म्हणाले. भांडणात राहिलं. कापडही तसंच घडीत आहे. मला म्हणाले, ‘तुझ्या आत्याला लिही. हे माप आता चालणार नाही. नवं कळव म्हणावं.’ मी म्हटलं, ‘आणखी काही?’ म्हणाले, ‘आणखी काय? माप कळव म्हणावं.’

तिला कमी ऐकू येतं, हेही मी सांगितलं. ते म्हणाले, ‘बरंच आहे. मला कुठे बोलता येतं?’

तुझी,
भाची

———

२४ मार्च

चि. भाचीस,

कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात.

तळटीप म्हणजे काय ते मास्तरांना विचारलं. पानाच्या खालच्या कडेला मारलेली टीप. मग ती सरळ मार आणि शेवटी दोरा पक्का कर, नाहीतर सगळं उसवतं. ‘अज्ञात’ खोड. माझं नाव लिही, पूर्ण. मधे वडिलांचं आणि शेवटी आपलं आडनाव.

आणि तुझ्या बाबांना विचार, इतकी वर्षं दुकान चालवून एवढंही कळू नये? माप पत्रातून कळवता येत नाही. समोर उभं राहून द्यावं लागतं.

शनिवारी दुपारची गाडी आहे. लांबून हाका मारू नका, मला ऐकू येणार नाही. त्याला दारात उभा राहू दे, मागच्या वेळी राहिला होता तसा.

येते.

टाचणी